लाल गोलाची प्लेट

धुरपदाबाईला राग आला की ती भांडत नाही, ग्राइंडर चालू करते. बुऱ्हाणपूरच्या लालबाग रोडवरच्या तिच्या भंगारवाड्यात जेवणाच्या वेळेलाही चाकाचा आवाज थांबला नाही, तर शेजारचा पंक्चरवाला समजून जातो की बाई आज कुणावर तरी तापलेली आहे आणि पाना मागायला उद्या गेलेलं बरं. पण जानेवारीतल्या त्या सोमवारी उलटंच झालं. ग्राइंडर आधी चालला, राग मागून आला. आणि असा आला की बाईनं चाक बंद केलं, हातातला लोखंडाचा तुकडा मांडीवर घेतला आणि बसूनच राहिली.

तुकडा दोन तळहातांएवढा होता. तिचा मुलगा भूपेंद्र फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो. तिथलं कापाकापीचं भंगार आठवड्याला वाड्यात येतं, त्यातच हा आलेला. जैनाबादकडच्या एका तेलमिलची सरकीच्या तेलाची जुनी टाकी भूपेंद्रनं दुरुस्तीला घेतली होती. टाकीच्या सगळ्यात खालच्या घेरात एक प्लेट एका कोपऱ्यात गंजून गेली होती. तेवढा कोपरा कापून त्यानं तिथं नवं ठिगळ जोडलं होतं. हा कापलेला कोपरा.

बाईनं सवयीनं तो चाकाला लावला. भंगारवाड्यात कुठलंही लोखंड ढिगावर टाकायच्या आधी चाकाला लावायचं, हा तिचा चाळीस वर्षांचा नेम. साध्या लोखंडाची ठिणगी लांब जाते, सरळ जाते, झाडूच्या काडीसारखी, आणि टोकाला जरा फाटते. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, ठिणगी लाल आणि आखूड, उगवली न उगवली तोच मेली. आणि कडक, जास्त कार्बनच्या पोलादाची ठिणगी चाकापाशीच फुटते, दिवाळीतल्या फुलबाजीगत तडतडते. हा तुकडा तडतडला. टाकीच्या लोखंडानं तडतडायला नको असतं.

तिनं तो उलटा केला. मागच्या बाजूला तेलाची काळी पुटं होती. ती तिनं खरवडली, तर खाली लाल रंगाचा अर्धा गोल. आठ आण्याच्या ब्रशानं, घाईत काढलेला. तो कुणी काढला हे तिला कुणाला विचारायची गरज नव्हती. तो तिनंच काढला होता.

आता हा लाल गोल काय ते सांगायला हवं, म्हणजे ही बाई काय ते कळेल.

धुरपदा रावेरकडची. एकोणिसाव्या वर्षी सुपडू पाटलाची बायको होऊन बुऱ्हाणपुरात आली. सासरा कागदाच्या कारखान्यात, म्हणजे मिलमध्ये, कामाला, जळगावकडून आलेल्या कितीतरी घरांसारखा. कारखान्यातली जुनी यंत्रं, टाक्या, प्लेटा लिलावात निघायच्या. सासऱ्याच्या ओळखीनं सुपडूनं असा एक लिलाव घेतला आणि भंगारवाडा उघडला. कारखान्याचं ते लोखंड एक नंबर होतं. मऊ, सरळ, वेल्डिंगला गरीब गायीसारखं. सगळ्या तालुक्यात बोलबाला झाला. टाकी बनवायची? सुपडूकडचा मिलचा माल आणा. गिऱ्हाइकाला ओळखता यावं म्हणून मिलच्या प्लेटेवर लाल गोल काढायचा, ही युक्ती धुरपदाची. लोक या घराला मिलवाले म्हणू लागले, ते आजतागायत.

लोखंड सुपडूला फारसं कळत नव्हतं. कळायचं ते हिला. दिवसभर चाकावर बसून दोन वर्षांत ती ठिणगी वाचायला शिकली, कुणी शिकवली नाही. पण बाईमाणसाला लोखंड कळतं हे कबूल करताना आपल्या लोकांच्या घशात जणू काटा अडकतो. गिऱ्हाईक यायचं, ही ठिणगी बघून सांगायची, "हे कडक आहे, वेल्डिंगला नको." गिऱ्हाईक तिच्या डोक्यावरून सुपडूकडे बघायचं, "काय म्हणता, सुपडूभाऊ?" मग सुपडू घसा साफ करून तेच म्हणायचा, "कडक आहे, वेल्डिंगला नको." आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं. वा, काय पारख आहे भाऊंची. अशी पस्तीस वर्षं. लिहितानाही हाताला मुंग्या येतात.

त्यातच तीसेक वर्षांपूर्वी मिलचा माल संपला आणि मागणी संपली नाही. सुपडूनं कुठल्याशा खदानीतल्या दगड फोडायच्या मशिनींच्या प्लेटा आणल्या, ट्रक भरून. धुरपदानं पहिली प्लेट चाकाला लावली आणि म्हणाली, "हे टाकीचं लोखंड नही." सुपडू म्हणाला, "लोखंड ते लोखंड. गोल काढ." तिनं दोन दिवस तोंड फुगवलं. तिसऱ्या दिवशी ब्रश घेतला आणि गोल काढले. नवऱ्यानं सांगितलं म्हणून काढले, असं ती स्वतःला बरीच वर्षं सांगत आली. पण ठिणगी सुपडूला दिसली नव्हती, हिला दिसली होती. खाई त्याला खवखवे. सुपडू सहा वर्षांपूर्वी शांत झोपेत गेला, आणि खवखव हिच्या घशात ठेवून गेला.

तर सोमवारी संध्याकाळी भूपेंद्र वाड्यावर आला. चाळिशीला टेकलेला, पॉलिटेक्निक केलेला, कामाला चोख माणूस. तिनं तुकडा त्याच्या पुढ्यात टाकला.

"ही प्लेट कडक आहे. हिला साध्या रॉडनं जोड मारला का तू?"

"मारला. शनिवारीच झालं. उद्या सकाळी पाणी भरून राहिलो, टेस्टिंग आहे. काय झालं?"

"उद्या नको भरू. त्याच प्लेटीचा अजून एक तुकडा काप अन जळगावच्या लॅबला पाठव. कार्बन किती ते येऊ दे."

भूपेंद्र हसला. वाईट हसला नाही, थकलेला होता. "आई, लॅबले पाच दिवस लागतात. शेठचं तेल टँकरमध्ये येऊन पडलंय. आणि कागद आहे ना माझ्याकडे. मी काय येडा आहे का, बिना कागद पाहता जोड मारायला?"

त्यानं मोबाइल काढला. तेलमिलच्या मॅनेजरनं, रितेशनं, जुन्या फायलीतून बिल शोधून त्याचा फोटो पाठवला होता. पिवळं पडलेलं बिल. टाकीसाठी मिल प्लेट, उत्तम माल. खाली सही, सुपडू पाटील.

"बाबांची सही आहे," भूपेंद्र म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा मऊ झाला. "रितेश बोलला, तुमच्याच वडिलांचा माल आहे, मग टेस्ट कशाची करायची? मले काय वाटलं असेल सांग. बाबांची टाकी मी दुरुस्त करून राहिलो."

खरं बोलायची वेळ हीच होती. हे बिल खोटं आहे, एवढं एक वाक्य. धुरपदाबाईनं तोंड उघडलंही. पण पोराचा तो चेहरा, सही बघून उजळलेला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते काय उगाच? ती म्हणाली, "ठिणगी चांगली नही, एवढं मले कळतं."

"ठिणगीवर इंजिनीअरिंग चालत नाही, आई. टेन्शन मत ले," असं म्हणून तो गेला.

तो गेल्यावर तिला स्वतःचा असा संताप आला की तिनं तो तुकडा उचलून भिंतीवर फेकला. पोरगा चुकीचं कुठं बोलला होता? ठिणगी संशय सांगते, निकाल सांगत नाही, हे तीच सगळ्यांना सांगत आली होती. निकाल लॅबचा. पण लॅबला पाठवायचं कारण ठिणगी नव्हतं, कारण तिचा गोल होता, आणि ते कारण ती गिळून बसली होती. कडक पोलादाला साधा जोड मारला की जोडाच्या शेजारची पट्टी काचेसारखी होते. दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी आतून तडकते. थंडीत जास्त. भरलेल्या टाकीत तडकली तर टाकी गळत नाही, उभी फाटते. तीस वर्षं टाकी टिकली ते नशीब; नवा जोड म्हणजे त्या नशिबाची नवी परीक्षा. आणि टाकी पहिल्यांदा भरताना भूपेंद्र कुठं असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बुऱ्हाणपूरच्या टाकी-मिस्त्रींची एक रीत आहे. दुरुस्त केलेली टाकी भरायला घेतली की नारळ फोडायचा आणि ज्यानं जोड मारला त्यानं त्या जोडाला पाठ लावून बसायचं, टाकी काठोकाठ भरेपर्यंत. मालकाला भरवसा यावा म्हणून. आपल्या हातावर आपला विश्वास आहे, ही त्याची खूण. न बसणाऱ्या मिस्त्रीला पुढचं काम मिळत नाही. कुण्या शहाण्यानं ही रीत काढली देव जाणे. पण भूपेंद्रनं ती आजवर एकदाही चुकवली नव्हती, आणि त्याचा त्याला ताठा होता.

मंगळवारी सकाळी ती रिक्षा करून तापीच्या पुलावरून जैनाबादकडे गेली. पौषातली थंडी, नदीवर धुकं. रिक्षावाल्याला तिनं तीनदा "जरा दाबून चालव ना रे" म्हटलं. तेलमिलच्या आवारात पोचली तेव्हा नारळ फुटलेला होता, पंप सुरू होता, आणि टाकीजवळ चार-पाच हमाल, मिलचा मॅनेजर रितेश आणि भूपेंद्र उभे होते. दोन मजली घराएवढी टाकी. भूपेंद्र स्वेटर काढून बसायच्या तयारीत.

"पंप बंद करा," ती म्हणाली.

रितेश पंचविशीचा पोरगा, मफलर गुंडाळलेला. "अम्मा, क्या हुआ? कुछ भूल गए क्या?"

"ही प्लेट कडक आहे. हिची तपासणी झाली पाहिजे. पंप बंद करा अगोदर."

"अरे अम्मा, बिल है हमारे पास. मिल प्लेट लिखा है. बिल से बड़ा सबूत क्या होता है?" रितेशनं भूपेंद्रकडे बघून डोळा बारीक केला. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याच्या जन्माच्या आधीची टाकी, आणि हा सबूत सांगतोय.

"बिल खोटं आहे," धुरपदाबाई म्हणाली.

भूपेंद्र दोन पावलं पुढं आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आई, बाबांवर काही बोलू नको. इथं नको."

"तुझ्या बापावर नही बोलत. माझ्यावर बोलून राह्यली." तिचा आवाज चढला, आणि चढला तो मग उतरलाच नाही. "मिलचा माल संपला होता. ह्या प्लेटी खदानीतल्या मशिनीच्या. तुझ्या बापानं आणल्या, मी चाकाला लावल्या. मले दिसलं होतं ही टाकीची नही. अन तरी मी लाल गोल काढला. माझ्या हातानं. बिल त्याचं, गोल माझा, दोन्ही खोटे. आता झालं समाधान?"

भूपेंद्रचा चेहरा पांढरा पडला आणि मग लाल झाला. आयुष्यभर ज्या नावावर त्यानं धंदा केला, वर्कशॉपच्या पाटीवर जे नाव लिहिलं, ते आईनं चार हमालांसमोर आणि काल आलेल्या मॅनेजरसमोर मातीत घातलं. त्याला राग आला, तो रास्तच होता. पण रागात माणूस जे करतो ते त्यानं केलं. तो टाकीपाशी गेला, आपल्या जोडाला पाठ लावून मांडी घालून बसला आणि रितेशला म्हणाला, "चालू ठेव पंप. जोड मी मारलाय. मिलची प्लेट असो की खदानीची, माझा जोड सुटत नाही."

"भूपेंद्र, ऊठ."

"आई, घरी जा."

धुरपदाबाईनं पदर खोचला. ती गेली, आणि त्याच्या शेजारी, त्याच प्लेटेला पाठ लावून बसली.

लोखंड बर्फासारखं गार होतं. लुगड्यातून, ब्लाउजमधून ते पाठीला भिडलं. पलीकडे पाणी चढत असल्याचा आवाज हाडात ऐकू येत होता. रितेश "अरे अम्मा, अरे भैया" करत इकडून तिकडे फिरत होता. एका हमालानं नमस्कार करून चार पावलं मागं घेतली.

"ऊठ तिथून," भूपेंद्र दात आवळून म्हणाला.

"का? तुले भरवसा आहे ना तुझ्या जोडाचा? मग माझ्या पाठीले काय होणार आहे?"

"तमाशा करून राहिली तू."

"हाव. तीस वर्षांआधी करायला पाहिजे होता. तवा नही केला."

पाणी माणसाच्या कंबरेच्या वर गेलं, मग डोक्याच्या वर. प्लेट पाठीमागे किंचित ताणल्यासारखी वाटली, की तो भास होता, तिला कळलं नाही. ती घाबरली होती. आणि त्या भीतीचाही तिला राग आला. वीस मिनिटं गेली असतील, भूपेंद्रनं तिच्याकडे वळून बघितलं. काय दिसलं त्याला? पासष्ट वर्षांची वाकलेली पाठ, ग्राइंडरच्या चाकावर वाकून वाकून तशीच राहिलेली, टाकीला सरळ टेकतसुद्धा नव्हती. स्वतःच्या पाठीला तो भ्यायला नव्हता. पण ही पाठ त्या प्लेटेला लागलेली बघून त्याच्या सगळ्या भरवशाचं पाणी झालं.

"पंप बंद कर," तो ओरडला. "बंद कर. पाणी खाली सोड सगळं." उठून त्यानं आईला दोन्ही काखांत हात घालून उचललं आणि जवळजवळ ओढतच कुंपणापर्यंत नेलं.

रितेश मागं धावला. "भैया, टँकर खड़े हैं. मैं शेठ को क्या बोलूँ?"

"शेठले बोल, स्वतःची पाठ लाव."

टाकी रिकामी करायला दुपार झाली. भूपेंद्रनं जोडाच्या शेजारची पट्टी साफ केली, त्यावर भेग शोधायचं लाल औषध मारलं, पुसलं, वर पांढरी पावडर फवारली. दोन-चार मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघ उमटली. बोटभर लांब. केसाएवढी बारीक. जोड त्याचा पक्का होता, त्याला काही झालं नव्हतं. जोडाशेजारचं लोखंड तडकलं होतं. मग त्यानं प्लेटेचा तुकडा कापला, त्यावर तारीख आणि जागा लिहिली आणि जळगावला पाठवला. अख्खी प्लेट काढून नवी टाकायची, असं शेठला फोनवर सांगितलं. शेठ काय काय बोलला असेल ते सगळं त्यानं ऐकून घेतलं.

आईशी मात्र तो एक शब्द बोलला नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. सून ज्योती डबा घेऊन येई आणि खाली मान घालून परत जाई. गावात तर बातमीला पाय फुटले. मिलवाल्यांचा माल मिलचा नव्हताच म्हणे. ज्यांनी पस्तीस वर्षं धुरपदाबाईच्या डोक्यावरून सुपडूला विचारलं, तेच आता म्हणायला लागले, सगळं त्या बाईचंच कारस्थान, सुपडूभाऊ साधा माणूस. लोखंडाची अक्कल तिची म्हणायला यांना पस्तीस वर्षांत तोंड उघडता आलं नाही. पाप तिचं म्हणायला मात्र एक दिवस पुरला. धुरपदाबाईनं सगळं ऐकलं आणि ग्राइंडर चालू ठेवला.

पुढच्या सोमवारी भूपेंद्र वाड्यावर आला. लॅबचा कागद त्यानं तिच्या पुढ्यात ठेवला. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून तो उभ्यानंच म्हणाला, "कार्बन टाकीच्या लोखंडाच्या दुप्पट आहे. दुप्पटच्याही वर." त्याचा आवाज अजून रागीट होता. तिनं मान हलवली. शिव्या खायची तिची तयारी होती. त्या आल्या असत्या तर तिला बरंच वाटलं असतं.

"त्या ट्रकातल्या प्लेटी अजून कुठं कुठं गेल्या?" त्यानं विचारलं.

याचं उत्तर तिला आठवावं लागलं नाही. तीस वर्षं ते तिला पाठ होतं.

"अकरा टाक्या."

"रिकाम्या किती?"

"एकही नही. डोईफोडिया गावाची तर शाळेच्या भिंतीले लागून आहे. पोरं पाणी पितात तिचं."

भूपेंद्रनं लॅबचा कागद घडी करून खिशात घातला. कोपऱ्यातला हातात धरायचा छोटा ग्राइंडर त्यानं उचलला, वायर गुंडाळली आणि मोटरसायकलला बांधू लागला. "तू थांब घरी," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मी जाऊन येतो सगळीकडं. लोक काय बोलतील ते ऐकायची गरज नाही तुले."

धुरपदाबाई उठली. चप्पल पायात सरकवली आणि त्याच्या मागे सीटवर येऊन बसली.

"ठिणगी वाचता येते का तुले?"

"नाही येत."

"मग. अन शिव्या माझ्या आहेत त्या. तू कशाले खाशील?"